भोंग्याला एक्याण्णव

आठवडा अठरा

चोरओटी चोरून भरायची असते, एवढं तरी नावावरून कळायला हरकत नव्हती. पाचव्या महिन्यात घरातल्या दोन-चार बायकांनी दार लोटून घ्यायचं, गर्भारणीच्या पदरात तांदूळ, नारळ, खण घालायचा आणि बाहेर येऊन काही झालंच नाही अशा चेहऱ्याने चहा टाकायचा. नाशिकच्या खैरनारांकडे तेजस्विनीची चोरओटी अकरा फोनांवर थेट दिसत होती. ओटीत खण नव्हताच. खणाच्या जागी एक चपटा पांढरा डबा होता आणि डब्यात 'हुंकार' होता.

"बांध, बांध," शैलजाताई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या. "आता बाळच सांगेल आपल्याला काय हवं-नको ते."

हुंकार म्हणजे पोटावर बांधायचा पट्टा. बाहेरून मऊ कापड, आत चौदा बारीक कान. ते पोटातल्या बाळाचे ठोके ऐकतात, हातापायांची हालचाल आणि गिळणं टिपतात. त्याच वेळी बाहेर कोण बोलतंय, काय वाजतंय, तेही ऐकतात. मग दोन्हीचा मेळ घालून प्रत्येक आवाजाला शंभरापैकी गुण देतात. या गुणांना पट्ट्याच्या भाषेत 'पसंती' म्हणतात. बाळाला कोण आवडतं याचा निकाल बाळ जन्मायच्या आधी चार महिने लागावा, अशी या देशातल्या आजी-आजोबांची फार दिवसांची मागणी असावी. पट्टा बाजारात आला आणि दोन वर्षांत शहरातल्या दर तिसऱ्या गर्भारणीच्या पोटावर जाऊन बसला.

अठराव्या आठवड्यात बाळ वीतभरसुद्धा नसतं. त्याच्या कानातला शंख आकाराला आलेला असतो, पण त्या शंखाची मेंदूशी तार जुळायला अजून पाच-सहा आठवडे असतात. थोडक्यात, बाळ ठार बहिरं असतं.

पट्ट्याने पहिल्याच संध्याकाळी गुण दिले. सासूबाई अठ्ठावन्न.

तेजस्विनीच्या अंगात या दिवसांत रक्त वाढत चाललं होतं, दात घासताना ते हिरड्यांतून येत होतं, नाक कायम चोंदलेलं होतं, पोटऱ्यांत गोळे येत होते आणि बेंबीखाली एक काळसर रेघ उतरत होती. याला गुण नव्हते.

आठवडा वीस

बाळ हाललं तेव्हा ती कारखान्यात होती. तेजस्विनी अंबडच्या एका पंपाच्या कारखान्यात कंपनं तपासायची. यंत्राला संवेदक लावायचा, पडद्यावरच्या रेघा वाचायच्या आणि कुठलं बेअरिंग दोन महिन्यांनी दगा देणार ते आज सांगायचं, हे तिचं काम. वाकून नळी बघत असताना तिच्या पोटात काहीतरी सरकलं. पाइपात हवेचा बुडबुडा सरकावा तसं. ती तशीच वाकून राहिली. हे कुणाला सांगायचं नाही, निदान जेवणाच्या सुट्टीपर्यंत हे आपलं एकटीचं, असं तिने ठरवलं.

फोन वाजला. नवरा. सुयोग.

"हाललं म्हणे!"

"कोण म्हणे?"

"अकरा वाजून चार मिनिटांनी. आईला पण आलंय, मावशीला पण. नागपूरच्या काकांनी पेढ्याचं चित्र पाठवलंय!"

घरी स्पर्धा सुरू झाली होती. माणसं रांगेने येऊन तिच्या पोटाशी बोलायची आणि मग तिच्या तोंडाकडे न बघता फोनकडे बघायची. सुयोग एकाहत्तर. मावशी पंचेचाळीस; तिने पट्टा सैल असल्याचा आरोप केला. सासरे त्रेपन्न गुणांवर समाधानी होते; संसारातही त्यांना कधी याहून जास्त मिळाले नव्हते. सासूबाई चौतीस वर्षं शाळेत होत्या, त्यातली बारा मुख्याध्यापिका. प्रार्थनेच्या माईकवर वाढलेला आवाज अठ्ठावन्नवर थांबणार नव्हता. त्यांनी 'आजचे दिनविशेष' वाचून ध्वनिमुद्रित केले आणि पट्ट्याला असलेल्या छोट्या स्पीकरवर दिवसातून चार वेळा लावायची व्यवस्था केली. सुपारीएवढ्या मेंदूला आज कोणाची जयंती आहे हे कळू लागलं.

आई म्हणून तेजस्विनीला चौसष्ट होते.

एका दुपारी, घरात कुणी नाही असं बघून, ती आरशासमोर बसली आणि पोटाशी गोड बोलली. तासभर. सहासष्ट झाले. तिने स्वतःकडे आरशात बघितलं, आणि तिथे मावशी बसली आहे असं तिला वाटलं.

आठवडा एकवीस

काही घडलं नाही. सासूबाई बोलत होत्या.

आठवडा चोवीस

कानाची तार मेंदूशी जुळते ती या सुमाराला. आता बाळाला खरोखरच ऐकू येऊ लागतं. बारीक, चिरके आवाज पोटाच्या भिंतीत अडकतात. जाड, घुमणारे आवाज आत जातात. अचानक काही वाजलं तर बाळ दचकतं, ठोके वाढतात, पाय झाडतं.

आप्पांचा फोन नेमका याच आठवड्यात यावा, हे आप्पांचं नशीब.

आप्पा, म्हणजे तेजस्विनीचे वडील, इचलकरंजीचे आप्पासो म्हेत्रे. एकतीस वर्षं यंत्रमागावर. ज्या खोलीत चोवीस माग एकदम खडखडतात तिथे माणूस माणसाशी बोलत नाही, ओरडतो. कारखाना सुटला तरी ओरडणं सुटत नाही, आणि कानही तोवर अर्धे गेलेले असतात. सगळी गल्लीच तशी. तिथे दोन म्हातारे भांडताना दिसले तर समजावं, हवापाण्याच्या गप्पा चालल्यात.

"तेजेऽऽ! काय गं, खाल्लंस का न्हाई?"

पोटात धडक बसली. पट्ट्यावरचा दिवा लाल झाला.

नऊ.

पट्टा नियमाप्रमाणे वागला. त्याने बाराही जणांना कळवलं, आणि यादीत नवे आलेले बारावे आप्पा होते: 'हा आवाज बाळाला अनुकूल नाही. संपर्क मर्यादित ठेवा.'

त्या रात्रीच्या जेवणाला कढी होती आणि विषय एकच होता.

"त्यांचा दोष नाही गं," सासूबाई म्हणाल्या. दोष देताना त्यांचा आवाज नेहमी असाच मऊ व्हायचा. "मागावरची माणसं. पण आता बाळंतपण तिकडे नको. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत झाली, मान्य. रीत बाळाच्या विरोधात जात असेल तर कुणी पाळायची?"

"ठरलंय आई. लग्नाआधी ठरलंय. माझी आई गेल्यापासून आप्पांनी दुसरं काही मागितलेलं नाही माझ्याकडे. डिंक निवडून ठेवलाय त्यांनी."

"एकटा पुरुष बाळंतपण करणार?"

"आत्या आहे ना शेजारी."

"तिला किती गुण आहेत?" मावशीने विचारलं.

तेजस्विनीने नवऱ्याकडे बघितलं. सुयोग कढीत भात कालवत होता. एवढं मन लावून त्याने लग्नातही काही केलं नव्हतं.

"डेटा आहे ना, तेजू," तो म्हणाला. "मी माझं मत सांगतच नाहीये."

"ते तू कधीच सांगत नाहीस."

"सातव्यात डोहाळजेवण आहे. त्या दिवशी सगळ्यांसमोर बाळाचा कौल घेऊ. तुझे आप्पा पण येतील. बोलू देत त्यांना. पन्नासच्या वर गेले तर जा तू. याच्याहून न्याय्य काय असणार?"

सगळ्यांना ते फार न्याय्य वाटलं. जेमतेम पाऊण किलोच्या जिवाला न्यायाधीश नेमून माणसं दही घ्यायला वळली.

आप्पांचा फोन त्यानंतर आला नाही. तिने केला तर ते उचलायचे नाहीत; दोन मिनिटांनी लिहून पाठवायचे. 'बरं हाय.' 'तू बोल. मी ऐकतोय.' मग ती पुन्हा फोन लावून बोलायची. पलीकडे फक्त श्वास असायचा, तोही जपून घेतलेला.

आठवडा सव्वीस

या आठवड्यात बाळाच्या पापण्या उघडतात. त्याच्या आईच्याही उघडल्या, त्या अशा.

साडेबाराचा भोंगा झाला, सगळे जेवायला उठले, आणि तेजस्विनीच्या लक्षात आलं की पोटात काहीच झालं नाही. दोन आठवड्यांपूर्वी याच भोंग्याला बाळ असं उसळलं होतं की तिच्या हातातला पाना खाली पडला होता. तिने फोन उघडला. माणसांच्या यादीखाली 'इतर आवाज' म्हणून एक कोपरा होता. तिथे कुत्री, मिक्सर, रिक्षा असली मंडळी होती. तिथे भोंगाही होता. रोजच्या रोज गुण दिलेला.

अकरा. एकोणीस. चाळीस. सहासष्ट. त्र्याऐंशी. एक्याण्णव.

"शकीला, हे बघ," तिने शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला हाक मारली. शकीलाला तीन मुलं होती आणि कुठल्याही पट्ट्याशिवाय ती तिन्ही तिच्यावर नाराज होती.

"काय आहे हे?"

"माझ्या बाळाला भोंगा आवडायला लागलाय."

"मला पण आवडतो. जेवायला सोडतात."

तेजस्विनीने या दोन आठवड्यांच्या आकड्यांची रेघ काढली. खालून वर चढत गेलेली, शेवटी सपाट झालेली. मग तिने सासूबाईंचे त्याच दिवसांचे आकडे काढले. पडद्यावर दुसरी रेघ उमटली. तिने एकीवर दुसरी ठेवली.

एकच रेघ दिसत होती.

"तुझी सास आणि भोंगा," शकीला डबा उघडता उघडता म्हणाली, "एकाच कंपनीचे दिसतात."

मुळाशी होतं ते इतकं साधं होतं की तिला आधी न कळल्याचीच लाज वाटली. नवा आवाज आला की बाळ दचकतं. तोच आवाज पुन्हा पुन्हा आला आणि त्यातून काही वाईट घडलं नाही, की त्याचा मेंदू दखल घेणं सोडून देतो. याला सवय होणं म्हणतात, आणि बाळ शिकायला लागल्याची ही अगदी पहिली खूण. त्यात आवड नाही, नावड नाही. पट्टा बनवणाऱ्यांना बाळाचं मन मोजायचं होतं. ते मोजता येत नाही म्हणून त्यांनी हालचाल मोजली. बाळ जितकं गप्प, तितके गुण जास्त. म्हणजे खैरनारांच्या घरात दोन महिने चाललेली ही शर्यत, बाळाला सगळ्यात जास्त कोण कंटाळवाणं वाटतं, याची होती. आणि सासूबाई त्र्याण्णव गुणांनी पहिल्या होत्या.

सासूबाईंची रेघ आणखी मागे नेल्यावर तिला आणखी एक गोष्ट दिसली. चोविसाव्या आठवड्यात, बाळाला ऐकू येऊ लागलं त्या पहिल्या दोन दिवसांत, सासूबाईंचे गुण धाडकन खाली आले होते. बारा. मग चौदा. तिला आठवलं, त्याच दिवसांत शैलजाताईंनी कंपनीला फोन करून 'बिघडलेला' पट्टा बदलून घेतला होता. नव्या पट्ट्याने आप्पांना नऊ दिले तेव्हा मात्र पट्टा उत्तम चालत होता.

आठवडा सत्तावीस

हिरवी साडी, फुलांचे दागिने, फुलांनी मढवलेला झोपाळा. तेजस्विनी त्यात बसली होती. गर्भाशय आता बेंबीच्या बरंच वर आलं होतं, फासळ्यांखाली टाच लागत होती, पायांवर सूज होती, आणि झोपाळा हलला की मळमळत होतं. झोपाळा हलत होता; छायाचित्रकाराला तो हलता हवा होता. समोरच्या टीव्हीवर आकडे होते. कंपनीने कौलासाठी एक गर्भसंवादिका पाठवली होती. ती गुलाबी कपडे घालून हळू हळू बोलत होती, जणू सगळी खोलीच पोटात आहे.

आप्पा कोपऱ्यात बसले होते. इचलकरंजीहून एकटे आले होते, रात्रीच्या गाडीने. आल्यापासून तोंडातून अक्षर नाही. खिशात वही आणि पेन. पाणी हवं तर 'पाणी' लिहून दाखवत होते. बायका एकमेकींना खुणावत होत्या. कुणीतरी पानावर वाढताना हळूच विचारलं, "मुके आहेत का?"

तेजस्विनी झोपाळ्यातून उतरली. फोन टीव्हीला जोडला. दोन रेघा दाखवल्या, एकीवर एक ठेवल्या, आणि कारखान्यात नव्या पोरांना समजावते तसं समजावून सांगितलं. भोंगा, दचकणं, सवय. बारा-चौदाचे दोन दिवसही सांगितले.

सगळ्यांच्या माना टीव्हीकडे वळल्या होत्या. आपण जिंकलो असं तिला वाटलं. साधारण सात सेकंद.

"किती सुंदर!" संवादिका म्हणाली. "म्हणजे बाळाने आईचं कामाचं ठिकाणही मनापासून स्वीकारलंय."

टाळ्या पडल्या. मावशीने विचारलं, भोंग्याचं ध्वनिमुद्रण मिळेल का, म्हणजे घरीच लावता येईल. सुयोग कौतुकाने हसत म्हणाला, "हुशार आहे हं माझी बायको. पण कौल ठरलाय ना, तो होऊन जाऊ दे. आप्पा, या."

आप्पा उठले नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं, पान फाडलं आणि सगळ्यांसमोर तिच्या हातात दिलं.

'राहू दे तेजे. हितंच ऱ्हा. माजा आवाज वाईट हाय.'

तिने ते वाचलं. इतकी माणसं, इतके आकडे, इतका मऊ आवाज, आणि सगळ्यांनी मिळून एवढंच साधलं होतं: एका म्हाताऱ्याला स्वतःचा आवाज वाईट वाटायला लावला होता. समजावून सांगण्यासारखं या खोलीत कुणी नव्हतं, हेही तिला त्याच क्षणी कळलं. ज्यांना गुण हवेत त्यांना रेघ दाखवून काय होणार? तिने साडीच्या निऱ्या बाजूला केल्या, पट्ट्याची चिकटपट्टी खसकन ओढली आणि पट्टा काढून संवादिकेच्या गुलाबी मांडीवर ठेवला.

बारा फोन एकदम केकाटले. 'बाळाशी संपर्क तुटला आहे.'

"अगं, अगं! बाळ!" मावशी किंचाळली.

"बाळ इथेच आहे मावशी. पोटात. तुम्ही टीव्हीकडे बघताय."

"तेजू, तमाशा करू नकोस," सुयोग खालच्या आवाजात म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत. तुला काय वाटतं ते सांग. डेटा नको. जाऊ की नको?"

सुयोगने तोंड उघडलं. फोनकडे बघितलं. फोनवर काही नव्हतं. त्याने तोंड मिटलं.

"चला आप्पा," ती म्हणाली.

दाराशी शैलजाताई आडव्या आल्या. ती भांडायच्या तयारीत उभी राहिली, पण त्यांच्या हातात नारळ आणि तांदूळ होते. त्यांनी ओटी भरली. मग पोटाकडे बघत राहिल्या; काही बोलायला गेल्या आणि थांबल्या. पट्टा नव्हता. चौतीस वर्षांच्या माईकला प्रथमच समोर कुणी आहे की नाही हे कळत नव्हतं.

"सावकाश जा," एवढंच म्हणाल्या. कुणाला, ते स्पष्ट झालं नाही.

आठवडा अठ्ठावीस

इथे गर्भारपणाची मधली तिमाही संपते. संपायचीच असते.

सकाळी दहाचा सुमार. गल्लीत माग चालू होते. आप्पांनी डिंक तळून ठेवला होता, खोबरं किसलं होतं, आणि पाच दिवस एक शब्द तोंडातून काढला नव्हता. तेजस्विनीसमोर ताट ठेवलं की वही पुढे करायचे: 'मीट बरं हाय का?'

तिने वही घेतली, खाली ठेवली आणि तिच्यावरच बसली.

"बोला."

आप्पांनी मान हलवली.

"आप्पा, मी तिकडून इकडे आले ती वाचायला नाही आले. बोला."

त्यांनी घसा खाकरला. मग पोटाकडे बघून, घाबरत घाबरत, पण सवयीने अख्ख्या गल्लीला जाईल अशा आवाजात ओरडले, "ऐक की रं! ...का ऐक की गं? ...ऐक की!"

पोटावरची साडी उडाली. आप्पांनी घाबरून हातच मागे घेतला.

"बगितलंस? घाबरलं."

"घाबरू दे. परत."

"ऐक की!"

पुन्हा लाथ. जरा लहान. तिने त्यांचा हात ओढून पोटावर धरला. परत. परत. शेजारून आत्या येऊन दारात उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून. अकराव्या वेळी नुसतं सरकल्यासारखं झालं. चौदाव्या वेळी काही नाही.

आप्पा वाट बघत राहिले. "आता का हालंना?"

"कंटाळलं."

"म्हंजी?"

"म्हणजे ओळख झाली. आता तुम्ही घरातले."

आप्पांचा चेहरा क्षणभर उजळला, आणि मग हळूहळू त्यावर राग चढत गेला. इतक्या दिवसांत त्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी पुरतं चढलं होतं.

"कंटाळलं? इतक्यात?" ते गरजले. "आगं, मी अजून सुरू बी क्येलं न्हाई!"

आणि त्यांनी सुरू केलं. समोरच्या घरातून कुणीतरी खिडकी लावून घेतली.